कोल्हापूरहून माणदेशात अकीक शोधायला: कायद्यात राहून आखायची दगड-सहल

कोल्हापुरात कुणी भटकायला जायचं म्हटलं की गाडी आपोआप पश्चिमेला वळते. गगनबावडा, राधानगरी, आंबा, आजरा. दगड गोळा करायचे असतील तर मात्र ही दिशा टाळा. तिकडे प्रचंड पावसानं कातळ कुजून ठिकठिकाणी जांभ्याची टोपी चढली आहे, आणि जे काही खडे असतील ते माती-झाडीखाली गाडलेले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे राधानगरी अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं सगळी याच पट्ट्यात आहेत. अशा संरक्षित जंगलातून खडा उचलून आणणं म्हणजे गुन्हा अंगावर घेणं.

पूर्वेला गेलं की चित्र पालटतं. मिरज, कवठे महांकाळ मागे टाकून जतकडे किंवा विट्यावरून आटपाडीकडे निघा. गगनबावड्याच्या जेमतेम दहावा हिस्सा पाऊस पडणारा हा माणदेश. वाळवंट नव्हे, पण वाळवंटात दगड शोधायला जे लागतं ते इथं आहे: उघडी जमीन, पातळ माती, खुरटं गवत आणि लांबवर पोचणारी नजर. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपला काळा पाषाण तयार झाला. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढं सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि पोकळीच्या भिंतीवर पापुद्र्यामागून पापुद्रा धरत अकीक, म्हणजे रेघारेघांचा अगेट, घडला. काळा पाषाण ऊन-पावसानं झिजून मुरूम होतो. अकीक तसा झिजत नाही. म्हणून माळावरचा मूळ कातळ संपून गेला तरी त्याच्या पोटातले खडे जागेवर उघडे पडून राहतात.

बहुतेक जण "दगड कुठं सापडतात?" इथून सुरुवात करतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिला प्रश्न "जमीन कुणाची?" हा असू द्या. त्याचं उत्तर कागदावर मिळालं की बाकीचं नियोजन एका संध्याकाळचं काम आहे.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८ नीट समजून घ्या. जमीन कुणाचीही असो, तिच्या पृष्ठभागावरच्या आणि पोटातल्या खनिजांवर हक्क राज्य सरकारचा आहे. विनापरवाना खनिज काढलं किंवा हलवलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, वाहनही जप्त होऊ शकतं. केंद्राचा खाण व खनिज कायदा १९५७ चा. त्याखाली फेब्रुवारी २०१५ मध्ये अकीक आणि जास्पर (अकीकाचाच अपारदर्शक, विटकरी भाऊबंद) ही दोन्ही गौण खनिजांच्या यादीत आली, म्हणजे त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्याकडे आला. महाराष्ट्राचे गौण खनिज उत्खननाचे नियम २०१३ चे आहेत. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की दार ठोठवायचं ते तहसील कार्यालयाचं आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याचं.

हे नियम वाळूचे डंपर आणि मुरमाच्या ट्रॉल्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. हौसेनं चार खडे वेचणाऱ्यासाठी त्यांत वेगळं खातं नाही. "एवढ्याशा दगडाला कोण विचारतंय" असं कुणी म्हणेल. पण गाडीच्या डिकीत पोतं सापडलं की विचारणारे भेटतात, आणि त्या वेळी हातात कागद नसेल तर बोलण्यासारखं काही राहत नाही. शेतकऱ्यानं होकार दिला म्हणजे झालं, हा सगळ्यात जास्त आढळणारा गैरसमज. त्याचा होकार त्याच्या शेतात पाय ठेवण्यापुरता. खनिज त्याच्याही मालकीचं नसतं.

जंगलाचा हिशेब आणखी कडक आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये वनोपजाच्या व्याख्येत जंगलातले दगड आणि खनिजंही येतात, त्यामुळे राखीव वनातून खडा नेणं आणि लाकूड नेणं यांत कायदा फरक करत नाही. अभयारण्य असेल तर वर १९७२ चा वन्यजीव कायदाही लागतो.

आधी सातबारा, मग नकाशा

महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गट नंबरांसह नकाशा उघडतो. उपग्रह नकाशावर जो उघडा माळ बघितला असेल तो इथं शोधा, गट नंबर टिपा आणि त्या गटाचा सातबारा काढा. भोगवटादाराच्या जागी कुण्या शेतकऱ्याचं नाव असेल तर पुढं जा. "महाराष्ट्र शासन", "गायरान", "मुलकी पड", "वन" असं काही दिसलं की तो गट सोडून द्या. "इतर हक्क" हा रकाना घाईत वाचू नका. खाजगी वनाची जुनी नोंद बऱ्याचदा तिथंच बसलेली असते आणि नाव शेतकऱ्याचं असूनही जमीन वनाच्या कक्षेत असते.

या भागात टाळायच्या जागा आधीच लाल शाईनं खुणावून ठेवा: सागरेश्वर अभयारण्य, दंडोबाच्या डोंगरावरचं वनक्षेत्र, आटपाडीचं संवर्धन राखीव क्षेत्र, आणि जिथं जिथं वन विभागाचे दगडी बुरूज किंवा चर दिसतात ती प्रत्येक टेकडी. माणदेशात वनाची जमीन आणि शेतकऱ्याची पडीक जमीन बघायला अगदी सारखी दिसते, म्हणून मोबाईलवर गटाची हद्द उघडी ठेवूनच चालायचं.

भूशास्त्रीय नकाशा पाहायचा असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं "भूकोश" हे संकेतस्थळ आहे. नवख्यानं त्यात फार वेळ घालवू नये. इथून तिथून सगळा काळा पाषाणच आहे. कुठला थर पोकळ्यांचा आणि कुठला घट्ट, हे ओढ्याच्या कडा आणि विहिरी पाहिल्यावर जास्त कळतं.

अर्ज

निदान महिनाभर आधी दोन कागद तयार करा. एक जमीनमालकाचं संमतिपत्र, साध्या कागदावर, सहीचं. दुसरा तहसीलदारांच्या नावे अर्ज, त्याची प्रत तलाठ्यांना. मजकूर असा चालेल:

"मौजे ____, ता. ____ येथील गट क्र. ____ मधील जमिनीच्या पृष्ठभागावर सुटे पडलेले अकीक व गारगोटी यांचे नमुने छंद व अभ्यासासाठी हाताने वेचून, प्रत्येकी जास्तीत जास्त दोन किलो, नेण्यास परवानगी मिळावी. कोणतेही खोदकाम, यंत्राचा वापर किंवा विक्री केली जाणार नाही. जमीनमालकाचे संमतिपत्र व सातबारा उतारा सोबत जोडला आहे. नियमाप्रमाणे स्वामित्वधन देय असल्यास ते भरण्यास तयार आहोत."

शेवटचं वाक्य गाळू नका. सरकारी टेबलावर त्या एका वाक्यानं तुम्ही आडवाटेनं आलेले नाही हे कळतं. आवक-जावक विभागाचा शिक्का मारलेली पोच घ्या. पोच म्हणजे परवानगी नव्हे, हेही ध्यानात असू द्या. लेखी उत्तर हाती पडलं नाही तर सहल रद्द करायची गरज नाही. मालकाच्या संमतीनं जा, खडे बघा, पाण्यानं ओले करून फोटो काढा, वहीत नोंद करा आणि होते तिथं ठेवून या. दगड ओळखायची निम्मी विद्या अशीच येते.

दगडखाण

कागदाच्या बाजूनं सगळ्यात स्वच्छ जागा म्हणजे परवाना असलेला खाणपट्टा. तिथला पट्टेदार सरकारला स्वामित्वधन (रॉयल्टी) भरतो, त्यामुळे त्यानं रीतसर पावतीवर दिलेला दगड तुमच्याकडं बिनघोर राहतो. आणि माळावर जे कधीच मिळत नाही ते इथं मिळतं. झिओलाइट, म्हणजे कातळाच्या पोकळ्यांत वाढलेले नाजूक स्फटिक, ऊन-पावसात लवकर भुगा होतात. ताज्या फुटलेल्या कातळात मात्र स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीला असणारं अपोफिलाइट शाबूत दिसतात. कोल्हापुरातच त्याचा सराव करता येतो: एखाद्या बांधकामावर पडलेला खडीचा ढीग मालकाला विचारून निरखा. काळ्या खडीत पांढरे, गुलाबीसर, मोत्यासारखी चमक असलेले ठिपके दिसतील, ते बहुधा हेच.

खाणीवर जायचं तर मालक किंवा व्यवस्थापकाशी फोनवर बोलून, सुरुंग नसलेल्या दिवशी, काम बंद असताना. हेल्मेट, जाड तळाचे बूट, डोळ्याला चष्मा. उभ्या कड्याच्या खाली जायचं नाही, पावसानंतर तर अजिबात नाही. खाली पडलेला ढीगच बघायचा. क्रशरच्या पट्ट्याजवळ मुलांना नेऊ नये. पट्टेदारानं "न्या की, काय होतंय" म्हटलं तरी दोन ओळींची पावती मागून घ्या.

नव्या विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या कडेला पडलेला डबर हीही उत्तम जागा. खोलातला ताजा दगड तिथं आयता वर आलेला असतो. फक्त परवानगीचा नियम इथंही माळाचाच, आणि बिनकठड्याच्या विहिरीपासून दहा पावलं लांब उभं राहायचं.

तारीख, वेळ, सामान

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. सुगी उरकलेली, उन्हाचा ताव नाही, आणि परतीच्या पावसानं खडे धुऊन निघालेले. एप्रिल-मे मध्ये माळावर पारा चाळिशी गाठतो. त्या दिवसांत जाऊच नये. पहाटे पाचला कोल्हापूर सोडलं की ऊन तिरपं असतानाच माळावर पोचता येतं, आणि ती वेळ हुकवू नये. सूर्याकडं तोंड करून, सावकाश, नागमोडी चालत राहा. काळा पाषाण काळाच राहतो, पण अकीकात ऊन शिरतं आणि त्याची कड मधासारखी पेटलेली दिसते. सूर्य डोक्यावर आला की ही खूण संपते. दहा-साडेदहापर्यंत खरं शोधणं, मग सावलीत बसून वर्गवारी.

माणशी चार लीटर पाणी. भाकरी, चटणी, कांदा, गूळ-शेंगदाणे. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, घोट्यापर्यंत बूट. हाताची भिंगं, छोटी टॉर्च, पाण्याची फवारणी बाटली, अर्धं लिंबू, स्टीलची चाकू-पट्टी, जुनी वर्तमानपत्रं, खुणेचं पेन, वही. हातोडा घरी ठेवा. वेचण्याच्या परवानगीत फोडणं बसत नाही, आणि फोडलेला अकीक बहुतेक वेळा वाया जातो.

खडा हातात घेतल्यावर

अकीकाचं बाहेरचं रूप फसवं असतं. रंग मातकट, पृष्ठभाग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा बारीक फुगवट्यांचा, कुठं कुठं हिरवट पातळ साल चिकटलेली. ही हिरवी साल सेलाडोनाइट या खनिजाची. पोकळीच्या भिंतीला आधी ते चिकटलं आणि मग आत सिलिका भरली. साल दिसली की खडा पोकळीतूनच आलाय हे पक्कं.

आता त्याच्यावर पाण्याची फवारणी मारा. कोरडेपणी पुसट असलेल्या रेघा ओल्यात उठून दिसतात. मग कडेला टॉर्च लावा: कड उजळली तर अकीक किंवा कॅल्सिडोनी (अकीकासारखीच, पण रेघा नसलेली), अजिबात नाही उजळली आणि रंग विटकरी असेल तर जास्पर. मग स्टीलच्या पात्यानं ओरखडा काढून पाहा. एक ते दहाच्या मोजपट्टीवर अकीकाचं काठिण्य साडेसहा ते सात. पातं त्याच्यावर नुसती करडी रेघ सोडतं आणि ती बोटानं पुसली जाते. कॅल्साइटचं काठिण्य तीन. पातं त्यात सहज रुततं. माणदेशात नवख्याची सगळ्यात जास्त फसगत होते ती चुनखडीच्या पांढऱ्या गाठींनी. त्यावर लिंबाचा थेंब टाका, बारीक फेस आला की ती चुनखडी. रस्त्याकडेचे काचेचे घासलेले तुकडेही हुबेहूब चमकतात. भिंगाखाली त्यांत गोल बुडबुडे दिसतात.

एका माणसानं एका दिवशी दोन किलोंवर जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. दुपारी सावलीत सगळे खडे पसरायचे, प्रत्येक जातीचे एक-दोन बरे ठेवायचे, उरलेले परत माळावर. पोतं भरणाऱ्या माणसाला घरी गेल्यावर कुठला खडा कुठला हे कधीच सांगता येत नाही.

माणसं, कुत्री, विंचू

ज्या बांधावर माणूस दिसेल तिथं आधी जाऊन रामराम घालायचा. "मामा, कोल्हापूरहून आलोय, दगडांचा नाद हाय. तुमच्या भाऊंची चिठ्ठी आहे, माळावर फिरू का?" एवढं बोललं की बहुतेक वेळा मामा स्वतः दोन चांगल्या जागा दाखवतात. चिठ्ठी असली तरी हे बोलणं चुकवू नये. "सोनं शोधताय व्हय?" असा प्रश्न हमखास येतो, पिशवी उघडून दाखवा, संशय तिथंच फिटतो. धनगरांचा वाडा असेल तर कुत्री राखणीला असतात. मेंढरांच्या मधून न जाता लांबून वळसा घ्या आणि मेंढपाळाला हाक देऊन थांबा.

मोठा दगड उलटायचा तर काठीनं, आणि पलीकडची कड उचलून आपल्याकडं, म्हणजे खाली काही असेल तर दगड तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहतो. फुरसं दगडाच्या रंगाचंच असतं. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही करू नका. अवयव न हलवता १०८ ला फोन आणि सरळ ग्रामीण रुग्णालय. लाल विंचवाच्या दंशानंतर घाम, थंड पडलेले हातपाय, छातीत धडधड अशी लक्षणं दिसली तर ती किरकोळ समजू नयेत. त्यावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांच्या कामामुळे रूढ झाला; तो डॉक्टरांच्याच हातून व्हायला हवा. निघण्यापूर्वी जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं हे बघून ठेवा. माळावर रेंज जाते.

ज्या दगडाला हात लावायचा नाही

दख्खनच्या माळांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी याच अकीकाची आणि कॅल्सिडोनीची हत्यारं घडवली. पुरातत्त्वात त्यांना सूक्ष्मास्त्रं म्हणतात. नखाएवढं, दोन्ही कडा समांतर असलेलं पातळ पातं, किंवा ज्यावरून अशी पाती उडवली तो उभ्या पन्हळींचा छोटा गाभा, ही त्यांची ओळख. निसर्गात फुटलेल्या खड्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात. एकामागून एक समांतर पन्हळी हाताच्याच. असं एक पातं दिसलं की आजूबाजूला आणखी असतात, आणि त्यांची जागा हीच त्यांची सगळी माहिती. उचललेलं पातं नुसता खडा उरतो. फोटो घ्या, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश टिपा, तिथून वेचणं थांबवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. मणी, खापरं, नाणी यांनाही हाच नियम. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर दगड बघायलाही वाकू नका.

सहलीच्या आधीच्या रविवारी मुलांना टाऊन हॉलच्या संग्रहालयात न्यावं हे मी आवर्जून सुचवेन. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केलं. संग्रहालयात सातवाहन काळातलं ते कोल्हापूर बघितलं की माळावरचं पातं जागेवर का ठेवायचं हे मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

घरी आल्यावर

त्याच रात्री नोंदी पूर्ण करा. प्रत्येक खड्यावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका, त्यावर क्रमांक; वहीत त्या क्रमांकापुढं गाव, गट, तारीख, ओढ्यात की माळावर, आणि परवानगीच्या कागदाचा जावक क्रमांक. अकीक साबणपाणी आणि जुन्या टूथब्रशनं स्वच्छ होतो. झिओलाइटला ब्रश लावू नका, स्कोलेसाइटच्या सुया एका फटक्यात मोडतात. नुसतं पाण्यात हलवून सावलीत वाळवा. त्यांच्या घडणीतच पाणी असतं, म्हणून उन्हात किंवा गॅसजवळ ठेवल्यावर ते पांढरे फटक पडतात. ॲसिडच्या भानगडीत नवख्यानं पडू नये. गटाचा अचूक पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका. त्या शेतकऱ्याच्या बांधावर पुढच्या रविवारी दहा गाड्या उभ्या राहतात.

खऱ्या वाळवंटात जायचं असेल तर

माणदेशात हात बसला की कच्छ आणि जैसलमेर खुणावू लागतात. तिथं उघड्या जमिनीचा मोह मोठा आणि मोकळीक फार थोडी. कच्छचं छोटं रण म्हणजे सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरचं रानगाढवांचं अभयारण्य. मोठ्या रणातही सुमारे ७,५०० चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. पांढरं रण बघायचा पास मिळतो तो बघण्यापुरता. धोळावीरा हे हडप्पाकालीन नगर संरक्षित स्थळ आहे आणि २०२१ पासून जागतिक वारसा. तिथले मणी आणि अकीकाचे तुकडे पुरावशेष आहेत. जैसलमेरजवळ आकलला दगड झालेली झाडं आहेत, ती राष्ट्रीय भूवारसा म्हणून राखलेली, आणि शेजारच्या डेझर्ट नॅशनल पार्कचं क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर. सीमेकडच्या भागात प्रवेशालाच वेगळी परवानगी लागते. थोडक्यात, कच्छ-जैसलमेरचा बेत डोळ्यांनी आणि कॅमेऱ्यानं बघण्याचा आखा आणि खडे गुजरातेतल्या खंभातमध्ये विकत घ्या. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या टेकड्यांतला अकीक पिढ्यान् पिढ्या खंभातला येतो. तिथले कारागीर तपकिरी-पिवळा खडा मंद आचेत भाजतात, त्यातल्या लोहाचा रंग पालटतो आणि तांबडा कार्नेलियन तयार होतो. कारखान्यात बसून ते बघता येतं. एकाच खड्याचे कच्चा, भाजलेला आणि घासलेला असे तीन तुकडे मागा, बिलावर "अकीक, खंभात" असं लिहून घ्या आणि ते बिल खड्यांच्याच डब्यात ठेवा.